लिंबू तरंगलं, दगड बुडाला

आटपाट नगर होतं, असं गोष्टीत म्हणतात. आमचं नगर एसटीनं गाठायचं. आम्ही राहतो पाथर्डीकडच्या वाडीवर. तिथं एक सासू, तिचा मुलगा भरत आणि सून मनीषा. सासू म्हणजे मी. मनीषा अंगणवाडीची बाई झाली, लेकरांना विज्ञान शिकवायला लागली, आणि घरात गोवऱ्यांसारखे किस्से रचले जायला लागले.

पहिल्यांदा म्हणाली, "आत्या, उद्या प्रयोग हाय." भरतनं ते वाडीभर केलं. सकाळी म्हातारी माणसं सतरंज्या घेऊन हजर!

मनीषानं घमेल्यात पाणी घेतलं. लिंबू टाकलं, तरंगलं. दगड टाकला, बुडाला.

पुढं बसलेले धोंडीअण्णा म्हणाले, "गण झाला. आता गवळण कवा?"

*

मग मटकीला मोड आणायचा प्रयोग. मोड छान आले. मदतनीस बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं उसळ केली. मनीषानं खाणाऱ्या लेकरांना विचारलं, "मटकीकडं बघून काय कळलं?"

"मीठ कमी हाय!"

*

चुंबकाला काय चिकटतं ते घरून आणा, म्हणाली. एका पोरानं बापाचा कोयता आणला. चिकटला.

भरत म्हणाला, "माझा आत्ता कुठं सुटलाय. माझ्याजवळ आणू नगंस."

मनीषाला काम लागल्यापासून दोघं ऊसतोडीला जात नव्हते.

*

अशात कुणीतरी वर कळवलं, की हिच्याकडं पोरं येतच नाहीत. तपासायला मॅडम येणार. अंगणवाडी मोडली तर दोघांना पुन्हा उसाच्या फडात जावं लागणार.

मनीषानं तेव्हा दोन रोपं ठेवली होती. एक उन्हात, एक व्हरांड्यात खोक्याखाली. अंधारातलं पिवळं पडतं, हे दाखवायचं होतं.

मॅडमसमोर खोकं उचललं. रोप हिरवंगार! पिवळी पडली ती मनीषा.

"हे कसं काय?" मॅडम म्हणाल्या.

चार वर्षांची छकुली पुढं झाली. "ते अंधारात भेतं. बाई घरी गेल्या की आमी त्याला उनात नेतो."

"रोज?"

"व्हय."

"रविवारी तर अंगणवाडी बंद असते."

"बंद असती. पर ते तर हितंच असतंय ना! समद्यांनी नंबर लावलाय."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मनीषाताई, निदान रविवारी तरी पोरांना घरी बसवा."

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली, शेजारच्या दोन्ही दारांना कुलपं लागली. आमचं दार उघडं राहिलं.