आत्म्याचं सोंग

बायको आजारी पडली तेव्हा आम्ही पाथर्डीकडचं गाव सोडून शहरात, सावेडीत मुलीकडे राहायला आलो. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. बायकोला कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं.

आम्ही जन्माचे ख्रिस्ती. तरी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी दाराजवळ बसणारा माणूस. उपदेश लांबला की तंबाखू मळायला बाहेर. चौथीपर्यंत शाळा, पुढं सारी उमर ऊस तोडण्यात गेली. प्रार्थना हे बायकोचं काम, असं धरून चाललो होतो.

सावेडीत ती शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला जायला लागली. दुकानाच्या वरचा हॉल, खाली सतरंज्या, तीस-चाळीस माणसं. पास्टर डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्मा मागायचे. कुणी रडायचं, कुणी थरथरायचं, कुणी न कळणाऱ्या भाषेत बोलायचं. बायकोला आत्मा मिळून बरीच वर्षं झाली होती. गावाकडेच, शेळ्या राखताना, कुणी हात न ठेवता. ती कधी वेगळ्या भाषेत बोलली नाही. त्या दिवसापासून फक्त माझ्या आईशी भांडायची थांबली. मी तेव्हा तिला विचारलं होतं, एवढ्यासाठी देवाला खाली यावं लागलं का?

एक दिवस ती मला म्हणाली, “मी गेल्यावर तुमच्यासंगं कुनी तरी पायजे. पोरगी तिच्या संसारात. पास्टर आत्म्याला कैवारी म्हनत्यात. तो तुमच्यापाशी हाय एवढं मला कळू द्या.”

मी जायला लागलो. तीन शुक्रवार गेलो. पास्टरांचा हात डोक्यावर, घाम मानेवर, बाकी काही नाही. डोळे किलकिले करून बघावं तर बायको भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत असायची. दर आठवड्याला ती थोडी आणखी वाळलेली.

चौथ्या शुक्रवारी पास्टर म्हणाले, “सोडा काका, जीभ सोडा.” सगळे ओरडून प्रार्थना करत होते. मला वाटलं, हिच्यासाठी एवढं करायला काय जातंय? आणि मी जीभ सोडली.

आम्ही बारा-तेरा हंगाम कर्नाटकात ऊस तोडायला जायचो. तिथलं मोडकंतोडकं कानडी मला येतं. तेच तोंडातून काढलं. बेग बेग बा, नीरु ता, कब्बु कडी. लवकर ये, पाणी आण, ऊस तोड. तिथला मुकादम आमच्यावर ओरडायचा तेच मी देवाच्या नावानं, डोळे मिटून, अंग हलवून पुन्हा पुन्हा बोललो. हॉलमध्ये सगळी शहरातली माणसं. कुणाला काही कळलं नाही. एक बाई टाळ्या वाजवायला लागली. पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला धरून आणलेली मुलगी माझ्या गळ्यात पडली.

परत येताना रिक्षात बायको बाहेर बघत होती. मला वाटलं, समाधानानं गप्प आहे. उसाच्या ज्या फडात मी ते शब्द शिकलो, त्याच फडात ती मोळ्या बांधत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतका मी माझ्या सोंगावर खूश होतो.

पुढं तिला दवाखान्यात ठेवलं. एका दुपारी मुलगी औषधं आणायला गेली होती. बायको हळूच म्हणाली, “त्या दिशी तुमी मुकादमाचं बोलत हुता.”

मी तिची उशी सारखी करायला लागलो.

“सगळे रडत हुते, म्हनून गप बसले. तुमची मान खाली गेली असती.” थोडा दम खाऊन म्हणाली, “मला फसवलं त्याचं काय न्हाई. पन त्याला कानडीबी येती.”

ती हसत होती. मी त्या वेळी तिचा हात धरून चुकलं म्हणायला पाहिजे होतं. मी चिडलो. म्हणालो, “एवढा तुझा देव हुशार हाय, तर सांग की त्याला गाठ काढायला.” आणि उठून खाली गेलो. तासभर फाटकाशी बसलो. वर आलो तेव्हा तिच्या तोंडाला नळी लावली होती. ती पुन्हा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

त्यानंतर सात महिने मी त्या हॉलमध्ये मोठा माणूस होतो. पास्टर नव्या लोकांना माझं उदाहरण द्यायचे. मी ऐकून घ्यायचो. ती नाही, आता खरं सांगून कुणाचं भलं होणार, असं स्वतःला सांगायचो. खरं तर मला तो मान आवडायला लागला होता.

गेल्या शुक्रवारी एक तरुण माणूस आपल्या बायकोला घेऊन आला. तिचं डोकं स्कार्फनं बांधलेलं. पास्टर मला म्हणाले, “काका, तुम्ही हात ठेवा हिच्यावर.” तिनं डोकं खाली केलं. माझे हात उचलेनात.

मी तिथंच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कानडी, फड, दवाखाना, मी काय बोललो ते. मागून कुणी तरी हसलं. टाळ्या वाजवणारी बाई म्हणाली, “अरे देवा, आन् मी तुमच्या पाया पडले हुते.” मुलगी उठून बाहेर गेली. तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली असणार, आणि तिचा काही दोष नव्हता.

पास्टरांनी सगळ्यांना हातानं खाली बसवलं. मग विचारलं, “आता खरंच पाहिजे का काका, आत्मा?”

मी म्हणालो, “आधी बायकोची माफी मागायचीय.”

“ती इथं नाही. त्याच्याजवळ मागा.”

मी गुडघे टेकले. मराठीतसुद्धा शब्द येईनात. शेवटी एवढंच आलं, “चुकलं माझं.” लोक थांबले होते, पुढं काही होतंय का बघत. काही झालं नाही. आग नाही, थरथर नाही. गुडघे मात्र दुखत होते. थोड्या वेळानं त्यांनी गाणं सुरू केलं. मी उठलो नाही. चुकलं माझं, चुकलं माझं, एवढंच म्हणत राहिलो, आणि पहिल्यांदाच कुणी बघतंय का म्हणून डोळे उघडले नाहीत.