हात मागे बांधणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका तान्ह्या मुलांचा आदर करणारा माणूस अख्ख्या नाशिक रोडमध्ये झाला नाही, आणि त्या मुलांच्या आयांवर इतका अविश्वास दाखवणाराही. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. काका प्रेसमध्ये छापलेले कागद तपासायच्या कामावर होते. दिवसभर चुका शोधून दमलेला हा एकटा माणूस, कॉलनीत कुणाकडे पाळणा हलला की संध्याकाळी धुतलेला सदरा घालून तिथे हजर व्हायचा, कारण त्यांच्या मते बाळ ही एकच गोष्ट बिनचूक छापून येते. तान्ह्यांशी ते कधी बोबडं बोलले नाहीत. "काय, झोप झाली का आपली?" असं दुपट्यातल्या गाठोड्याला विचारायचे आणि उत्तरासाठी खरोखरच थांबायचे. "काका, तिला काय कळतंय?" असं मी एकदा म्हणाले. "त्यांना कळतंय. तुम्हाला कळतंय का, ते बघतोय," एवढंच बोलून ते परत मुलीकडे वळले.

ही मुलगी म्हणजे आमची मनू. तिच्यासाठी माझ्या सासूबाई कळवणकडच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या, आणि त्यांचं नि काकांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. मनू झोपेत हसली की सासूबाई म्हणायच्या, "सटवाई हसवती तिला." काका म्हणायचे, "असेल. ती सटवाईची ओळख झाली. माझी अजून व्हायचीय." ती व्हावी म्हणून रोज पाळण्याच्या काठावर हनुवटी टेकून बसायचे. एका संध्याकाळी मनूने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. काकांनी कॉलनीभर पेढे वाटले. बारशाला आम्ही स्वतः एवढे वाटले नव्हते, आणि लोक आम्हालाच विचारू लागले की आता काय झालं.

पुढे मनूने मान धरली, पालथी पडली, बसू लागली, आणि प्रत्येक वेळी काकांना वाटायचं की असं जगात प्रथमच घडतंय. ती चमचा खाली टाकायची, काका उचलून द्यायचे, ती पुन्हा टाकायची. मी चिडले की म्हणायचे, "खोडी नाही ती. गेलेली वस्तू परत येते का, ते बघताहेत त्या." थंडीत एकदा काका माकडटोपी घालून आले. मनू अनोळखी माणसांना घाबरण्याच्या वयात होती. तिने असं भोकाड पसरलं की शेजारच्या बायका धावत आल्या. "उत्तम," काका म्हणाले, "आपलं कोण नि परकं कोण, हे कळायला लागलं." बोलताना त्यांचा आवाज मात्र पडला होता. नाशिकच्या त्या कडाक्यात त्यांनी पुन्हा टोपी घातली नाही, कानात कापसाचे बोळे घालून फिरले.

काकांचा सर्वांत लाडका उपदेश म्हणजे मूल जमिनीवर ठेवा. कुणाच्या कडेवर बाळ दिसलं की ते जिन्यातच थांबवून सांगायचे, "फरशीवर सोडा त्यांना. पडतील, उठतील, शिकतील." बायका त्यांना पाहून बाळं पदराखाली लपवायच्या.

आणि आमची मनू चालेना. तिच्या बरोबरीची मुलं अंगणात धावू लागली, ही बसल्या जागी हात वर करायची. "चालंल तिची ती. लय घाई नका करू," असं सासूबाई म्हणायच्या, पण मालिशचं तेल त्यांनी दुप्पट केलं होतं. समोरच्या इमारतीत पोलिओ झालेला मुलगा होता. त्याच्या पायातल्या लोखंडी पट्ट्यांचा आवाज अंगणात आला की मी मनूचे पाय चाचपून बघायचे. शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं. काका बरोबर होतेच. डॉक्टरांनी तिचे पाय वाकवले, ताणले, तळव्याला गुदगुल्या केल्या. "पाय उत्तम आहेत," ते म्हणाले. "हिला सारखं उचलून कोण घेतं?"

उत्तराची गरजच नव्हती, कारण तपासणी संपताक्षणी मनू काकांच्या कडेवर जाऊन बसली होती. साऱ्या कॉलनीला फरशीचा उपदेश करणाऱ्या या माणसाने, प्रेसमधून आल्यापासून ती झोपेपर्यंत, हिचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता, आणि हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकांनी तिला हळूच माझ्याकडे दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते हात मागे बांधून येऊ लागले. मनू त्यांच्याकडे पाहून हात वर करायची, रडून लाल व्हायची. "आपले पाय आपणच वापरायचे आहेत," ते सांगायचे आणि चहा न घेता वर निघून जायचे. "एवढा दगड कसा झाला हा माणूस?" सासूबाई मला विचारायच्या. पण मी त्यांची मागे आवळून पांढरी पडलेली बोटं पाहत होते.

द्राक्षांचे दिवस होते. काका एका संध्याकाळी आमच्या तळमजल्यावरच्या घराच्या उंबऱ्यावर बसले होते, शेजारी ताटलीत घड होता. मनू खाटेला धरून उभी होती. तिने त्यांना हाक मारल्यासारखं काहीतरी केलं, वाट पाहिली, आणि रागावूनच खाट सोडली. डुलत, थांबत ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. काकांचे हात मागेच होते. मनूने एक द्राक्ष उचललं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या बाजूने बाहेर अंगणातल्या मुलांकडे गेली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "गेल्या," काका म्हणाले. मी आनंदाने रडत होते, त्यांचं रडणं मात्र आनंदाचं नव्हतं.

हात मागे बांधायची सवय मात्र त्यांना जडली ती जडलीच. नवे शेजारी त्याला साहेबी थाट समजायचे. पुढे ते निवृत्त झाले आणि येवल्याला भाच्याकडे राहायला निघाले, तेव्हा मनू त्यांच्या खांद्याला लागत होती. त्या कडेवरच्या दिवसांतलं तिला काहीच आठवत नव्हतं. ज्यांनी उचललं त्यांनीच ते आठवायचं असतं, आणि मला त्या दिवशी ते फार अन्यायाचं वाटलं. एसटी स्टँडवर काका नेहमीसारखे हात मागे बांधून उभे होते, पिशवी त्याच बोटांत लोंबत होती. "काका, द्या ना, मी घेते," असं म्हणून मनू मागून गेली आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागली. काकांनी ती सोडवू दिली. मग येवल्याची गाडी लागेपर्यंत ते बाकावर तिचा हात धरून बसले.