जळका वास नेमका कसला?

गल्लीत सगळे त्यांना मेकॅनिककाका म्हणत. तीस वर्षं त्यांनी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त केल्या, त्या डोळ्यांपेक्षा नाकाच्या भरवशावर. पट्टा घासला की रबराचा वास, मोटर जळली की वार्निशचा. झाकण उघडायच्या आधीच काका सांगून मोकळे होत.

गेल्या वर्षी त्यांना आठवडाभर ताप आला. ताप उतरला, पण वास येईनासा झाला. "येईल परत, नाहीतर नाहीही येणार," डॉक्टर म्हणाले. काकांनी हे कुणाच्या कानावर घातलं नाही, अगदी बायकोच्याही.

एका सकाळी समोरच्या शिंपीणबाई बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आल्या.

"काका, चालू केला की जळका वास मारतो."

ब्रशला दोऱ्यांची गुंडाळीच झाली होती. काकांनी ती कापून काढली, फिल्टर झटकला, बटण दाबलं.

"आता?"

"येतोच आहे की! तुम्हाला नाही येत?"

"येतोय ना," काका चाचरले. "पण तुम्हाला कसला वाटतो? रबराचा की वायरीचा?"

"आता जळक्या वासात काय निवडायचं हो? तुम्हीच सांगा!"

काकांनी मोटर उघडली. तार स्वच्छ होती. मीटर लावला, तोही काही बोलेना. तास गेला. शेवटी त्यांनी माडीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा खाली येतेस?"

बायको हात पुसत आली, वाकून वास घेतला. "जळकट आहेच, पण मागे काहीतरी गोडसर आहे. नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखं."

असा गोडसर वास आतलं रसायन गळू लागलं की येतो, हे काकांना ठाऊक होतं. बॅटरी! बाहेर काढली तर एका बाजूने टम्म फुगलेली. तासभर ते तिच्यावर वाकून बसले होते. कधीही पेट घेईल म्हणून त्यांनी ती अलगद उचलून अंगणातल्या वाळूच्या डब्यात ठेवली. तसली बॅटरी आता बाजारात मिळत नव्हती. शिंपीणबाई नुसतं मशीन घेऊन हिरमुसून गेल्या.

बायको तिथेच उभी होती. "सोमवारी वास मारणारं दूध गटागट प्यायलात, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी तुला हाक मारू?"



तेवढ्यात दारात एक जण इस्त्री घेऊन आला. काकांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"दुसरीकडे दाखवा. मला नाही सांगता येणार."