आठवणींची गोधडी

जळगाव जामोदच्या एका बाईंनी घराच्या वरच्या खोलीला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली आणि तिथे गेलेल्या माणसांच्या कपड्यांतून ‘आठवणींची गोधडी’ शिवायला शिकवू लागल्या. माझी बायको गेल्यावर मुलीने माझंही नाव तिथे घातलं. बायकोने शेवटची नेसलेली साडी मी न धुता ठेवली होती. घडी उघडली की तिचा वास येई. तो गोधडीत राहावा, एवढंच मला हवं होतं.

बाई प्रत्येक कापड गालाला लावून डोळे मिटत आणि म्हणत, “ऐका, कापड बोलतं.”

शेजारी बसलेली एक बाई माझ्याकडे वळून पुटपुटली, “माह्यासंग तं काहीच नाही बोललं बा.”

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांची कापडं ठेवून घेतली. पुढच्या रविवारी साडी इस्त्री होऊन परत आली. मी ती नाकाशी नेली. गुलाबाच्या साबणाचा वास आला.

“सगळं मशीनमधून काढलं, काका,” बाई एरवीची पुण्याची भाषा विसरून उत्साहाने म्हणाल्या. “कसा कुबट वास येऊन राह्यला होता त्याले!”

मग त्यांनी माझ्या हातात सुई दिली. “आता डोळे मिटा, काकूंना आठवा आणि पहिला टाका घाला.”

मी डोळे मिटले. समोर बाईंचं वॉशिंग मशीन गरगर फिरू लागलं.