स्वच्छ फोटोचा नवस

देवाकडे नेमकं काय मागावं, हे मला साठी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. मागायची सवयच नव्हती म्हणा ना. माझी सगळी नोकरी कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत, भूकंपमापकाच्या खोलीत गेली. माझा जीव यंत्रांवर. आमची ही मात्र औंधच्या यमाईची भक्त. तिच्या श्रद्धेला मी कधी नावं ठेवली नाहीत, पण स्वतः हात जोडायचो ते ती शेजारी उभी असली तरच.

निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आलो आणि लघवीचा त्रास सुरू झाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. सांगलीच्या डॉक्टरांनी बोटाने तपासलं आणि म्हणाले, "प्रोस्टेटच्या एका बाजूला कडक लागतंय. कॅन्सर नाही ना, याची खात्री करायला हवी. सुईने तुकडा काढून तपासू." मी विचारलं, त्याआधी एमआरआय काढला तर? चुंबकाने माणसाच्या आतलं दिसतं, असं वाचलं होतं. सुईची भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, ते यंत्र एकदा आतून बघायची हौसही होती. डॉक्टर म्हणाले, "काढा हवं तर. पण त्याच्या भरवशावर राहू नका. लहान गाठ त्यात दिसेलच असं नाही." हे वाक्य मी ऐकलं आणि सोयीस्करपणे विसरलो.

पुण्याला त्या यंत्राच्या नळकांड्यात झोपवलं. चारी बाजूंनी ठकठक सुरू झाली. हा आवाज कुठून येतोय, चुंबक कुठे बसवला असेल, याचा विचार करता करता एकदम भीती वाटली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नवस बोललो. "यमाई, फोटो स्वच्छ येऊ दे. डोंगर पायी चढून तुझी ओटी भरीन." फोटो खरंच स्वच्छ आला. गाठीचं नाव नाही! मी सांगलीला फोन करून तुकडा काढायची ठरलेली वेळ रद्द करून टाकली. डॉक्टर म्हणाले, "एकदा येऊन तरी जा." मी हो हो म्हणून फोन ठेवला.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं औंधला गेलो. त्रास तसाच होता, पायऱ्या चढताना दोनदा आडोसा शोधावा लागला. हिने खणानारळाने ओटी भरली. मी फोटोचं भलंमोठं पाकीट देवीपुढे टेकवलं. ही म्हणाली, "नवस बोललात तरी काय?" मी सांगितलं. तिचा हात तांदळातच थांबला. "अहो, फोटोचा कसला नवस? मला बरं कर म्हणायचं सोडून!" मी हसलो. ती हसली नाही.

खाली एसटी स्टँडवर बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. ते मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर. औंधच्या एका गवयाचा तंबोरा दुरुस्त करून पोचवायला आले होते आणि तंबोऱ्यांसाठी वाटेत विकत घेतलेले दोन सुके भोपळे आता घरी नेत होते. बसल्या बसल्या एका भोपळ्यावर बोटाने टिचक्या मारत, कान लावून ऐकत होते. मला राहवेना. विचारलं, काय बघताय?

"ह्यो वरनं बगा कसा हाय, चकचकीत. पर हितं आवाज बसतोय," ते म्हणाले. "आत कीड असंल."

मी भोपळा हातात घेऊन चारी बाजूंनी न्याहाळला. "मला तर काहीच दिसत नाही."

"मलाबी न्हाई दिसत, साहेब. डोळ्याला दिसत न्हाई म्हंजे न्हाईच, असं कुटं हाय? बोटाला शंका आली की कापून बगायचं. कापल्याबिगर खरं कळत न्हाई."

त्यांना माझं काहीच ठाऊक नव्हतं, मी सांगितलंही नव्हतं. आणि मला आमची कोयनेची खोली आठवली. धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याच्या धडधडीने आमची सुई सारखी थरथरायची. त्या थरथरीत एखादा बारीक धक्का बुडाला तर ओळखू यायचा नाही. त्या कागदावर आम्ही 'धक्का नाही' असं कधी लिहिलं नाही, 'वाचता येत नाही' असं लिहायचो. नोकरीभर हे पाळणारा मी, स्वतःच्या फोटोवर मात्र 'गाठ नाही' असं मनानेच लिहून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात सांगलीकडे जाणारी गाडी लागली. मी हिच्याकडे बघितलं. ती पिशवी उचलून गाडीत चढली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तुकडा काढला आणि त्यात कॅन्सर निघाला. त्या दिवशी मी हिच्यासमोर लहान मुलासारखा रडलो. पण गाठ अजून ग्रंथीच्या आतच होती. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली, मी उठून बसलो.

हिंडूफिरू लागल्यावर पेढे घेऊन मिरजेला गेलो, विचारत विचारत त्या कारागिरांचं दुकान शोधलं. त्यांना मी अजिबात आठवत नव्हतो. "लय माणसं भेटत्यात, साहेब," ते ओशाळून म्हणाले आणि पेढा तोंडात टाकून पुन्हा टिचक्या मारू लागले. त्यांनी काय केलं ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं आणि पुढचा भोपळा घेतला.

त्या दिवशी त्यांना तिथे कुणी बसवलं, हे मला माहीत नाही. यमाईने की त्यांच्या अल्लाने, हेही शोधत बसलो नाही. माझ्यासारख्या चौकस माणसाला ते जड गेलं, तरीही. देवीने माझा नवस शब्दाला शब्द पुरा केला होता. मीच चुकीचं मागितलं होतं, आणि तिने तेवढ्यावर मला सोडून दिलं नाही. आता दरवर्षी डोंगर चढतो. ही हळूच विचारते, "काय मागितलंत?" मी सांगतो, "आत जे असेल ते वेळेवर कळू दे, आणि ते कळायच्या आधीच फोन करून तपासणी रद्द करायची बुद्धी देऊ नकोस."

आता ती हसते.