नवव्या क्रमांकाचा जवळा

रोज सकाळी, पाहुण्यांची बस यायच्या तासभर आधी, स्टॅनिस थेसेरा मेलेला जवळा समुद्रात सोडायचा.

जवळा बाजारातला. दोन दिवस बर्फात पडून करडा झालेला, वरून काळं पाणी सुटलेला. बादलीचं झाकण काढलं की तो वास नाकातून जो डोक्यात शिरायचा तो दिवसभर तिथून हलायचा नाही. किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात सहलीच्या कंपनीने बारीक जाळीचं कुंपण घातलं होतं, वरून दिसू नये एवढं बुटकं. त्यात बादली पालथी करायची, पायाने जरा ढवळायचं आणि वर येऊन कपडे बदलायचे. नऊ वाजता पाहुण्यांसमोर तोच जवळा जाळ्यात 'सापडायचा' आणि लोक टाळ्या वाजवायचे.

कपडे ही आणखी एक ओकारी. काळं मखमली जाकीट, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर गोंड्याची टोपी. हा वेश स्टॅनिसच्या पोर्तुगीज वस्तीतल्या पोरी-पोरांचा, सणाला नाचताना घालायचा. समुद्रात उतरणारा माणूस फाटकी चड्डी आणि बनियन घालून उतरतो, हे स्टॅनिसने पहिल्याच दिवशी सांगून बघितलं होतं. त्यावर कंपनीची तेनमोळी म्हणाली होती, "अंकल, फाटक्या बनियनचा फोटो कोण काढणार?" तेनमोळी तमिळ घरातली, गोड बोलणारी, दिवसाला तीन भाषांतून माफी मागणारी मुलगी. तिच्यावर रागावताही येत नसे, ते आणखीच वाईट.

मलाक्का शहरातले बाकीचे लोक, चिनी असोत, मलय असोत की तमिळ, पोर्तुगीज वस्तीतल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या 'जवळेवाले' म्हणत आले. चेष्टेने म्हणायचे, पण खोटं नव्हतं. स्टॅनिसचा बाप जवळा ढकलायचा, आजाही ढकलायचा. दोन लांब बांबू कात्रीसारखे बांधलेले, मधे जाळं, खालच्या टोकांना चिखलात रुतू नये म्हणून लाकडी खडावा. बांबूचा जोड पोटाला लावायचा आणि छातीभर पाण्यातून नांगर हाकल्यासारखं ते धूड ढकलत न्यायचं. स्टॅनिसने ते पंचेचाळीस वर्षं केलं. मग शहराला जमीन कमी पडली म्हणून समुद्रात भर घातली, भरावावर हॉटेलं आली, पाण्याची वाट बदलली आणि जवळा यायचा थांबला. चार हंगाम झाले, एक मूठ नाही. स्टॅनिसची बायको फिलो हिच्या आंबवलेल्या जवळ्यासाठी एके काळी पार डोंगरावरच्या पडक्या चर्चच्या बाजूने लोक चालत यायचे. बाजारच्या जवळ्याला हात लावणार नाही म्हणून तिने बरण्या धुऊन पालथ्या घातल्या, त्या घातल्या.

खरं तर अगदी संपला नव्हता तो. कंपनी पहिल्यांदा आली तेव्हा ह्याच जागी थोडा, चमचाभर का होईना, जिवंत जवळा मिळत होता. स्टॅनिसला वाटलं होतं, बघू देत लोकांना. पहिल्या महिन्यात साठ-साठ माणसं एका वेळी पाण्यात उतरली. सगळ्यांनी अंगाला उन्हाचं मलम थापलेलं. दुपारी पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग यायचा आणि त्यात केसांचे गुंते, चिकटपट्ट्या, कुणाची तरी उलटी तरंगायची. सहाव्या आठवड्यात चमचाभरही राहिला नाही. मग बादली आली.

फिलो एकदाच बोलली होती. "प्रेताला रोज आंघोळ घालतोस आणि लोकांना सांगतोस, बघा, पोहतंय."

तरीही तो जायचा, कारण दोन्ही गुडघे गेले होते. स्वतःच्या बळावर आता कुणी त्याला पाण्यात उतरू दिलं नसतं. निदान ह्या तमाशात तरी जाळं पोटाला लागायचं. एवढ्यासाठी माणूस किती घाण गिळू शकतो ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी यादीवाला येणार होता. 'मलाक्कात करायलाच हव्यात अशा दहा गोष्टी' ही यादी तो दर वर्षी नव्याने लिहायचा आणि अर्धं जग ती खिशात घालून मलाक्काला यायचं. लाल इमारत, डोंगरावरचं चर्च, संध्याकाळचा बाजार ह्यांच्या जागा ठरलेल्या. आठव्या क्रमांकाला बाहुल्या लावून कर्कश गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षा. नववी जागा रिकामी झाली होती आणि ती 'खऱ्या कोळ्यासोबत जवळा धरा' ह्याला मिळावी म्हणून तेनमोळी आठवडाभर नीट जेवली नव्हती. तिने स्टॅनिसला तीनदा बजावलं, हसायचं, अंकल. निदान दात दिसू देत.

यादीवाला उंच, घामट आणि अतिशय सभ्य निघाला. गळ्यात दोन कॅमेरे. त्याच्यामागे वीसेक पाहुणे गुडघ्यापर्यंत विजारी दुमडून पाण्यात उभे राहिले, चिखलाचा स्पर्श झाला तसे किंचाळले आणि मग त्या किंचाळण्याचेच फोटो काढू लागले. भरती अजून चढत होती. पाणी कुंपणाच्या वरून वाहत होतं.

स्टॅनिसने जाळं ढकललं. दहा पावलं पुढे, वळण, दहा पावलं मागे. आणि मधेच त्याच्या नडगीला काहीतरी टोचलं.

तांदळाचा दाणा फेकून मारावा तसं. मग दुसरा. मग चार-पाच एकदम.

तो थांबला. चार वर्षांत विसरलेली गोष्ट पायाला बरोबर आठवली. त्याने मान न वळवता डोळ्यांच्या कडेने दक्षिणेला पाहिलं. दोनशे पावलांवर, अर्धवट राहिलेल्या हॉटेलच्या पलीकडे, ओढ्याच्या तोंडाशी बगळे उतरले होते. एक-दोन नव्हे, तीस-चाळीस. त्यांच्यासमोरचं पाणी लालसर दिसत होतं आणि वारा नसताना थरथरत होतं.

पोटाला लागलेले बांबू नुसते उचलायचे आणि चालू लागायचं. दोनशे पावलं. गुडघ्यांनी तेवढी साथ दिली असती. ओहोटी लागायला तास होता, तेवढ्यात दोन टोपल्या भरल्या असत्या. ह्या जन्मातलं शेवटचं खरं ढकलणं, एवढंच त्याला हवं होतं. देवाकडे रविवारी तेच मागायचा, लाजून, हळू आवाजात.

पण त्याच्यामागून वीस माणसं आली असती. उद्या साठ. तिथे लाकडी फळ्या टाकल्या असत्या, मलमाचा तवंग आला असता, आणि सहा आठवड्यांनी तिथेही बादली.

जाळं वर घेतलं तेव्हा पाहुणे वाकून बघू लागले. करड्या, मऊ पडलेल्या लगद्यात दोन-तीन पारदर्शक, लाल डोळ्यांचे जीव टुणटुण उडत होते. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने नाकाला रुमाल लावला होता, तो तिने काढला.

"हा जिवंत आहे," ती म्हणाली. "बाकीचे असे का पडलेत?"

तेनमोळीचा चेहरा उतरला. यादीवाल्याने कॅमेरा खाली केला आणि वाकून अगदी जवळून पाहिलं. हा कुठून आला, त्याने विचारलं, आसपास आणखी असतो का.

स्टॅनिसने तो उडणारा जवळा चिमटीत धरला. अंगठ्याखाली त्याची धडपड कळत होती.

"ही वाळूतली पिसू आहे," तो म्हणाला. "घाणीवर येते. काही कामाची नाही." आणि त्याने ती चिरडली. बोटाला लागलेलं त्याने मखमली जाकिटाला पुसलं.

बाईने शी म्हणून पाय मागे घेतला. यादीवाला हसला आणि काहीतरी लिहून घेऊ लागला. जवळेवाल्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाने जवळ्याला पिसू म्हटलं होतं. स्टॅनिसच्या तोंडात कडू पाणी आलं. ते तो थुंकला नाही, कारण फोटो चालू होते.

तेवढ्यात बांधावर फिलो दिसली. खांद्याला टोपली, काखेत मिठाची पिशवी, वयाला न शोभणाऱ्या घाईने चालणारी. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बगळे पाहिले होते, दुसरं काय. ती पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत आली. स्टॅनिस आपल्या भाषेत बोलला, जी तेनमोळीला येत नव्हती आणि यादीवाल्याला तर गाणंच वाटली असती.

"टोपली खाली ठेव आणि घरी जा."

"तुला दिसतंय ना?"

"काही दिसत नाही मला. तिकडे बघूही नकोस. सगळे तुझ्याकडे बघतायत."

"चार वर्षं, स्टॅनिस."

"ठाऊक आहे. जा."

तिने पाहुण्यांकडे पाहिलं, त्याच्या गोंड्याच्या टोपीकडे पाहिलं, त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग वाळूत थुंकली आणि खांद्यावरची टोपली सावरून आली तशी निघून गेली. बायको आहे का, यादीवाल्याने कौतुकाने विचारलं. स्टॅनिस म्हणाला, हो, तिला माझं काम फार आवडतं.

त्यानंतर त्याने जे केलं ते पाहून तेनमोळी थक्क झाली. आजवर दगडासारखा उभा राहणारा हा म्हातारा नाचायला लागला. पाण्यात गिरकी घेतली, टोपी उडवली, बापाच्या तोंडी नसलेली गाणी बापाची म्हणून गायली. एकेका पाहुण्याला जाळं धरायला लावलं, त्यांचे फोटो काढायला लावले, उत्तरेकडे तोंड करून, कारण म्हणे उजेड तिकडून चांगला येतो. दक्षिणेकडे कुणाची मान वळली की तो मोठ्याने हसायचा, दात दाखवून. असे तीन तास. ओहोटी लागली. पाणी घोट्यापर्यंत उतरलं, बगळे एकेक करून उडाले, लाल रंग समुद्रात आत आत सरकत गेला आणि नाहीसा झाला. मग तो बांबू टाकून किनाऱ्यावर बसला. त्याला स्वतःच्या अंगाचा वास येत होता.

संध्याकाळी तेनमोळी घरी आली, हातात मिठाईचा डबा. नववा क्रमांक मिळाला होता. यादीवाल्याने लिहिलं होतं, मलाक्कात ह्याहून अस्सल असं काही त्याने पाहिलं नाही. आता रोज दोन खेळ करावे लागतील, शनिवारी तीन. अंकलना जमेल ना?

"जमेल," स्टॅनिस म्हणाला. "पण जागा बदलायला हवी. इथे पाणी फार हलतं. उत्तरेला मोठ्या हॉटेलपाशी करू."

तेनमोळी विचारात पडली. "तिथे हॉटेलचं गटार उघडतं ना, अंकल?"

"म्हणूनच पाणी शांत असतं. आणि बस अगदी जवळ थांबेल."

बसचं ऐकून तिचे डोळे चमकले. वासाचं काय, असं तिने विचारलं खरं, पण स्टॅनिस म्हणाला, समुद्राचा वास असतो म्हणून सांग, त्यांना फरक कळत नाही. ती हसली, हिशोबात बसेल असं म्हणाली आणि पुढच्या सोमवारपासून तिकडे कुंपण घालायचं ठरवून गेली.

फिलो आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. सकाळपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता पुढे आली, मिठाईचा डबा उचलून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ठेवून आली आणि त्याच्यासमोर बसली.

"किती होता?" तिने विचारलं.

"दोन टोपल्या. जास्तच."

"मोठा?"

"नखाएवढा. नडगीला टोचत होता."

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या गटारात रोज दोनदा उभा राहणार तू. पाय कुजतील तुझे."

"कुजू देत," स्टॅनिस म्हणाला. "माझेच आहेत."