कांद्यापुढे न झुकणारा डोळा

देवधरकाकांनी आयुष्यात कुठलीही बातमी थेट सांगितली नाही. विक्रोळीला आमच्या कारखान्यात त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी मला बसायला सांगितलं, मग जेवलास का विचारलं, मग मुलुंडला येताना हायवेने येऊ नकोस म्हणून बजावलं. शेवटी मी "काका, झालंय काय?" असं ओरडलो, तेव्हा म्हणाले, "अरे... शालू गेली." दुपारी साडीला फॉल लावता लावता भिंतीला टेकली, ती तशीच. हृदय बंद पडलं म्हणाले. मला मात्र वेड्यासारखा आठवला तो तिचा उजवा डोळा. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्या डोळ्याला जपत बसलो आणि दगा दिला भलत्यानेच.

शालूताई माझी थोरली बहीण. नोकरीसाठी मी कणकवलीहून आलो तो थेट तिच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत, आणि लग्न होईपर्यंत तिथून हललो नाही. भावोजी मितभाषी, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं ताईच्या वाट्याला आलेलं. घरबसल्या ती साड्यांना फॉल लावून द्यायची. डावा डोळा लहानपणापासून अधू. समोर माणूस आहे की कपाट, एवढंच त्याला कळायचं. सगळा संसार आणि सगळ्या साड्या उजव्या डोळ्यावर. आणि नेमका तोच वरचेवर लाल व्हायचा, खुपायचा, त्याला उजेड सोसायचा नाही. "जागरणाने झालंय," म्हणत ती त्यावर दुधाची घडी ठेवून पडायची. पण त्याच डोळ्याचा तिला गर्वही होता. कोजागिरीला गच्चीवर सोसायटीची भेळ व्हायची, तिचे कांदे एकटी ताई चिरायची. डाव्या डोळ्यातून धारा आणि उजवा ठणठणीत कोरडा. "माझा उजवा खानदानी आहे रे, कांद्यापुढे मान नाय तुकवायचा!" आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. मूर्ख लेकाचे.

एकदा तो डोळा आठवडा झाला तरी उघडेना, तेव्हा भावोजींनी बहुधा त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं आणि आमची रवानगी घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे झाली. बाईंनी कापसाची बारीक वात केली, ताईच्या बुबुळावर टेकवली आणि विचारलं, "कळतंय का?"

"आधी लावा तरी!" ताई म्हणाली.

"लावली की. दोनदा."

मग डोळ्यात पिवळं औषध घालून बाईंनी निळा दिवा लावला आणि मलाही भिंगातून बघू दिलं. बुबुळावर हिरवी चमकणारी एक चिमुकली फांदी होती, तिला आणखी फाटे फुटलेले. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात ना, त्याच जातीचा हा विषाणू, बाई सांगू लागल्या. तो बरा होऊन जात नाही, नसेत झोपून राहतो. ताप, ऊन, दगदग झाली की उठतो. येतो तेव्हा आधी बारीक टिपके, मग ही फांदी, आणि दर खेपेला बुबुळाची जाणीव थोडी कमी करून जातो. इतक्यावर असताना आलात तर मलमाने आवरेल, आत उतरला तर डोळ्यात पांढरं फूल पडेल, दिसणं जाईल. आणि लाली झटकन घालवणारे थेंब तर मला विचारल्याशिवाय घालायचेच नाहीत, त्याने हा जास्तच फोफावतो.

फूल पडेल म्हटल्यावर ताईने पदर घट्ट धरला. त्या डोळ्यात फूल पडणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"म्हणजे हा डोळा आता रडायचाच नाय?"

"मनातून रडू आलं तर दोन्ही रडतील. कांद्याचं तेवढं त्याला कळत नाही."

परतताना रिक्षात ताई म्हणाली, "खानदानी कसला... बहिरा आहे मेला."

पुढे एका वर्षी डोळ्यांची साथ आली आणि तळमजल्यावरच्या देवधरकाकांच्या निवृत्त आयुष्याला अर्थ आला. केमिस्टकडून त्यांनी कसल्याशा थेंबांची बाटली पैदा केली आणि घरोघर जाऊन, तिचं टोक सगळ्यांच्या पापण्यांना टेकवत, ते समाजसेवा करू लागले. साथ त्यांच्याबरोबरच जिना चढत होती, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ते आमच्याकडे पोचले तेव्हा माझे दोन्ही डोळे आले होते आणि ताईचा उजवा लाल होता. लग्नसराईच्या साड्यांचं काम अंगावर, त्यामुळे तीही "सगळ्यांचे आलेत तसे माझे," म्हणून मान मागे टाकून बसली. काका थेंब सोडणार, इतक्यात म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लाली गायब!"

ताई ताडकन उठली. "बाळ्या, कांदा आण."

विळीवर बसून तिने कांदा चिरायला घेतला. मी रडलो, बाटली धरून वाकलेले काका रडले, ताईचा डावा डोळा रडला. उजवा लालबुंद आणि कोरडा. "काका, ही तुमची साथ नाय. हे माझं आहे."

"शालू, थेंब आहेत ते, विष नव्हे!"

"बाळ्या मेल्या, बघतंस काय, रिक्षा आण!"

अपमान झालेले काका बाटलीची बाजू मांडायला आमच्याबरोबर रिक्षात बसले. बाईंनी निळा दिवा लावला. टिपके होते आणि फांदीचा जेमतेम कोंब. "अगदी वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. मग ताईने ऐटीत कांद्याची हकीकत सांगितली, आणि हसता हसता बाईंना चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, तुमचा तो डोळा धडधाकट असतानाही कांद्याला रडणार नाही! परीक्षा साफ चुकीची. निकाल तेवढा बरोबर लागला." काकांच्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी वाचली आणि बाटली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. काकांनी त्यांना कधीच माफ केलं नाही. ताईच्या डोळ्यात मात्र फूल पडलं नाही, शेवटपर्यंत. ही गोष्ट ती अख्ख्या मुलुंडला ऐकवायची, पण कांदा जिंकला इथपर्यंतच.

माझं लग्न झालं, बोरिवलीला जागा मिळाली. सामानाचा टेम्पो खाली उभा राहिला तरी ताई बाहेर येईना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ती विळीवर बसली होती, समोर कांद्यांचा ढीग, दोन्ही गाल ओले.

"काय गं, रडतेस की काय?"

"गप रव. कांदे चिरत्येय, दिसत नाय?"

मी हसलो, पाया पडलो आणि जिना उतरलो.

तेराव्यानंतर भावोजींनी ती विळी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. परवा रविवारी मी त्या विळीवर कांदा चिरायला बसलो. डोळ्यांना धारा लागल्या, आणि निम्म्यावर हात थांबला. त्या दिवशी तिचा उजवा गालही ओला होता... आणि कांद्याला तर तो डोळा कधी रडलाच नसता. इतकी वर्षं मला हे कळलं नव्हतं. मी तसाच बसून राहिलो. आतून बायकोने विचारलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हटलं, "कांदा चिरतोय."